1943 ची डॉज, आंबोली घाट आणि न उकळणारं पाणी: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या रविवारी दाणोलीहून आंबोलीचा घाट चढून वर आलो, गाडी कडेला घेतली आणि दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं. मीटरचा काटा 185 फॅरनहाइटवर, म्हणजे 85 अंशांवर. रेडिएटरच्या झाकणातून पाण्याचा थेंब बाहेर नाही. वर्षापूर्वी याच घाटात तीन-तीनदा थांबायचो. झाकणावर ओलं गोणपाट टाकायचं, वाफ जाईपर्यंत वाट बघायची, कॅनमधलं पाणी ओतायचं आणि पुढे निघायचं. मधल्या काळात बरंच काही केलं. त्यातलं नेमकं काय उपयोगी पडलं ते सविस्तर लिहितोय, कारण जुन्या लष्करी गाड्या बाळगणारे बहुतेक जण पहिला खर्च रेडिएटरवर करतात. मीही तोच केला होता.

गाडी डॉज डब्ल्यूसी-51, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी, पाऊण टनी. सहा सिलिंडर, 230 घनइंच, 92 अश्वशक्ती. इंजिन फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये बाजूला उभे असतात. जळालेला वायू ब्लॉकमधूनच वाट काढत एक्झॉस्टला जातो आणि जाता जाता आपली आच पाण्याला देऊन जातो. त्यात हिच्या ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) लो रेंज, म्हणजे चढासाठीचा जास्त जोराचा हळू गिअर, नाही. घाटात पहिला-दुसरा गिअर, वेग जेमतेम वीस, समोरून वारा असा नाहीच. कोल्हापूर-आंबोलीच्या उंचीवर साधं पाणी 98 अंशांच्या आतबाहेर उकळतं, त्यामुळे हाताशी फार अंतर उरत नाही.

रेडिएटरचे पितळी टँक तेच ठेवून तीन ओळींच्या जागी चार ओळींचा नवा कोअर (पाणी गार करणारी नळ्यांची जाळी) बसवून घेतला. झाळकाम सुरेख झालं, गळती नाही. सपाटीवर फरकही पडला. घाटात मात्र काटा पुन्हा 212 फॅरनहाइटवर, म्हणजे 100 अंशांवर. "मालक, थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड पळंल," असं मिस्त्री म्हणाले. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसं तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. काढून पाहिला. थंडीतल्या सकाळी इंजिन तापायलाच वीस मिनिटं, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय आणि घाटात पाणी पूर्वीसारखंच फेकायचं. उघडलेला थर्मोस्टॅट पाण्याला फारसा अडवत नाही, मग तो काढून घाटात काय मिळणार? आता 71 अंशांना उघडणारा पुन्हा बसवला आहे. तो काढू नका.

खरी गोष्ट कळली ती एका साध्या निरीक्षणातून. काटा लाल पट्ट्यात गेलेला असताना रेडिएटरच्या खालच्या होजला (रबरी नळीला) हात लावला, तर तो चक्क कोमट. म्हणजे रेडिएटर आपलं काम चोख करत होता, गार झालेलं पाणी जिथे पोचायला हवं तिथे पोचत नव्हतं. इन्फ्रारेड थर्मामीटर आणून हेडवर धरला (रंगवलेल्या भागावर धरा, चकचकीत पितळेवर आकडा खोटा येतो). पहिल्या सिलिंडरजवळ 84 अंश, सहाव्याजवळ 109.

या डॉज इंजिनांत वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकच्या पोटात एक लांब चपटी पत्र्याची नळी असते. पंपाचं पाणी तिच्यातून मागपर्यंत जातं आणि तिच्या भोकांमधून थेट व्हॉल्व्हच्या बैठकींवर पडतं. नळी गंजली की सगळं पाणी पुढच्या पुढेच फिरतं आणि मागचे सिलिंडर कोरडे तापत राहतात. बाहेरून काहीच दिसत नाही. रेडिएटर आणि पंप काढला, आत टॉर्च मारला, तर नळीचं तोंड गंजाने फुगून जागेवर घट्ट धरलेलं. वाकवलेल्या सळईच्या हुकाने दोन दिवस ओढत होतो. नळी तुकड्या-तुकड्यांनी आली, शेवटची वीतभर तर पापुद्र्यांच्या रूपातच. मग ब्लॉकच्या बाजूच्या डम्या (पाण्याच्या पोकळीची भोकं बंद करणारी पत्र्याची बुचं) काढल्या. सहाव्या सिलिंडरजवळ जुन्या चहाच्या चोथ्यासारखा काळपट गाळ ठासून बसलेला, तारेने खरवडून पाण्याच्या जोराने धुतला तेव्हा दीड मग निघाला. इतकी वर्षं बोअरचं पाणी भरल्याचा तो हिशेब होता.

नवी नळी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये पितळी पत्र्याची करून घेतली. जुन्या तुकड्यांवरून भोकांच्या जागा जुळवल्या. बसवताना भोकं व्हॉल्व्हकडेच आली पाहिजेत, यात चूक झाली तर सगळी मेहनत पाण्यात. खर्च नव्या कोअरच्या दहाव्या हिश्शाइतकाही नव्हता. पहिल्याच घाटानंतर आकडे घेतले: पुढे 83, मागे 89. तो 89 बघून मी थर्मामीटर पुसून पुन्हा धरला होता.

नळीनंतर पंख्याभोवती पत्र्याचं श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून घातलेलं कडं) केलं, माझ्या गाडीला ते नव्हतंच. पाती अर्धी आत, अर्धी बाहेर, चहूबाजूंनी साधारण इंचभर मोकळी जागा. उभ्या गाडीत याचा फायदा जाणवतो. गाडी 6 व्होल्टची असल्यामुळे बाजारातला 12 व्होल्टचा इलेक्ट्रिक पंखा लावायचा तर सगळं वायरिंग बदलावं लागतं, आणि ते मला नको होतं. कूलंट जुन्या पद्धतीचं हिरवं, ग्लायकॉलचं, 30 टक्के, बाकी डिस्टिल्ड पाणी. आपल्याकडे पाणी गोठत नाही आणि ग्लायकॉल जितकं जास्त तितकी उष्णता कमी वाहून नेली जाते, तेव्हा निम्मं-निम्मं करायची गरज नाही. इग्निशन टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) तपासा, ते मागे पडलेलं असलं तर दुसरं काहीही करून उपयोग नाही.

फेब्रुवारीत घाटमाथ्यावर इंजिन बंद पडलं तेव्हा पोटात गोळा आला. काटा मात्र 185 वरच. पेट्रोलच्या नळीला हात लावला तर चटका बसला. व्हेपर लॉक, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठाच तुटलेला! पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि गरम नळीत त्याची वाफ लवकर होते. ओलं फडकं गुंडाळल्यावर पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. नंतर नळी एक्झॉस्टच्या तापलेल्या मॅनिफोल्डपासून लांबून नेली आणि मध्ये पत्रा घातला. गाडी बंद पडली की लोक लगेच पाण्याला दोष देतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आठ महिने, 2,100 किलोमीटर. तक्रारी आहेत. श्राउडमुळे फॅन बेल्ट बदलायला अर्धा तास जास्त लागतो. मेच्या दुपारी दसरा चौकातल्या गर्दीत काटा अजूनही 200 पर्यंत जातो, सिग्नल सुटला की खाली येतो. आणि सहाव्या सिलिंडरजवळच्या एका डमीच्या कडेला गेल्या आठवड्यात कूलंट झिरपल्याचा हिरवट डाग दिसला. बहुधा गाळ काढल्यावर तिथला जुना गंज उघडा पडला असावा. पितळी डम्या आणून ठेवल्या आहेत, पाऊस लागायच्या आत बसवून घेणार आहे.