फोर्कलिफ्टची बॅटरी ‘रिजनरेट’ करून देणाऱ्यांना दारातही उभं करू नका

नव्या बॅटरीच्या किमतीच्या 35 टक्के. त्यातले 60 टक्के आगाऊ, उरलेले 40 टक्के काम झाल्यावर रोख. एवढं घेऊन ‘रिजनरेट’ करणारा, म्हणजे जुनी बॅटरी पुन्हा ताजी करून देतो म्हणणारा, गेला आणि माझ्या फोर्कलिफ्टची (माल उचलणाऱ्या गाडीची) बॅटरी होती त्याहून वाईट करून ठेवली.

बॅटरी लेड-अ‍ॅसिडची, 48 व्होल्ट, 600 अँपिअर-अवर. पूर्ण शिफ्ट ओढणारी गाडी अर्ध्यावर बसायला लागली होती. त्याच्याकडे विजेचे झटके देणारं पल्सचं मशीन, रंगीत रिपोर्ट, लेखी गॅरंटी, पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पण मी काही जादूच्या पावडरीला भुललो नव्हतो. बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटवर थर होऊन बसलेलं सल्फेट बेतानं, सावकाश चार्ज करून थोडंफार निघतं, हे खरंच आहे. झडलेली प्लेट मात्र कुणाचा बाप परत आणू शकत नाही, आणि तेवढंच त्याने सांगितलं नाही.

संताप होतो तो बॅटरी ताब्यात घेतानाचा. हायड्रोमीटर, म्हणजे सेलमधल्या (बॅटरीच्या कप्प्यातल्या) द्रवाची ग्रॅव्हिटी, घनता मोजायची नळी, त्याने माझ्याच हातात दिला; आकडा जास्त तर चार्ज जास्त. पहिला सेल 1.280. दुसरा 1.280. चोवीसच्या चोवीस 1.280! आधी हेच सेल 1.180 ते 1.220 मध्ये वाटेल तसे विखुरलेले. वापरलेल्या बॅटरीचे सेल असे कवायतीला उभे राहिल्यासारखे एका रांगेत येतात कधी? शेजारी कॅन होता, त्यात म्हणे डिस्टिल्ड वॉटर. अहो, पाण्याने ग्रॅव्हिटी उतरते, चढत नाही! लोड टेस्ट करू म्हटलं तर, ‘साहेब, आत्ताच ट्रीटमेंट झालीय, प्लेटवर ताण येईल.’ दुरुस्त झालेल्या बॅटरीला भार सोसत नाही? समोर हायड्रोमीटरवर आकडा दिसत असताना कोण वाद घालणार, सांगा.

कॅनमध्ये अ‍ॅसिड होतं. महिनाभरात गाडी दोन तासांवर आली आणि सेलमधून ओढलेलं पाणी चहासारखं तपकिरी निघालं, म्हणजे पॉझिटिव्ह प्लेटचा माल झडून त्यात उतरलेला. लक्षात ठेवा, बॅटरीतून पाणी उडतं, अ‍ॅसिड नाही. सांडलं नसेल तर वरून अ‍ॅसिड घालायचं कारणच नसतं.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी वाद. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर उत्तर मिळालं, सेवा धंद्यासाठी घेतलीत, आमच्यात बसत नाही. ऑनलाइन तक्रार केली तर ‘पुरावा जोडा’. जोडला. पुन्हा ‘पुरावा जोडा’. मग एक दिवस ‘तक्रार निकाली’. कुणी काढली निकाली? कुणाशी बोलून? एकाही साहेबाने बॅटरीचं झाकण उघडून पाहिलं नाही, आणि वर मलाच विचारतात, रोख का दिलेत!

तर रोख देऊ नका. पाच तासांची कपॅसिटी टेस्ट, म्हणजे बॅटरी भार किती वेळ ओढते ती चाचणी, स्वतःसमोर करून घ्या: 600 च्या बॅटरीला 120 अँपिअरचा लोड, 40.8 व्होल्टला थांबायचं. कामाआधी एकदा, कामानंतर एकदा. नाही म्हणाला की हाकला. आणि आयुष्य वाढवायचंच असेल तर चार्ज 20 टक्क्यांखाली नेऊ नका, पाणी चार्जिंग झाल्यावर घाला. त्याला कुणाचं मशीन लागत नाही.

परवा दुसऱ्याच नावाने मेसेज आलाय, ‘बॅटरीचं आयुष्य दुप्पट’. फोटोतलं मशीन तेच, एका बाजूचं हँडल तुटलेलं. तुम्हालाही आला असेल, बघून घ्या.