कब कॅडेट १२२: नऊ महिने आणि ११० तासांच्या वापरानंतर

अमेरिकेतील ओहायो राज्यातील आमच्या घराभोवती दीड एकर जमीन आहे. बहुतेक भागात गवत आणि एका कडेला मेथी, दुधी व मिरचीचे वाफे. या जागेसाठी गेल्या मार्चमध्ये मी इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा कब कॅडेट १२२ हा गार्डन ट्रॅक्टर विकत घेतला. १९६५ ते १९६७ या काळातील हे मॉडेल आहे. घेतल्यावर लगेच तास मोजणारे मीटर बसवले. नोव्हेंबरअखेर ते ११० वर आले. असा जुना ट्रॅक्टर घेण्याच्या विचारात असलेल्यांना उपयोगी पडावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

कंपनीचे नाव आपल्याकडील शेतकरी कुटुंबांना नवे नाही. १९६३ मध्ये महिंद्रा आणि व्होल्टास यांच्याबरोबर भागीदारी करून हिने भारतात बी-२७५ ट्रॅक्टर आणला होता. कब कॅडेट हे त्याच घराण्यातील अगदी धाकटे यंत्र. १२२ मध्ये कोहलरचे के-३०१ हे बारा अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, बिडाचे इंजिन आहे आणि पुढचे तीन व मागचा एक असे गिअर आहेत. चाकांकडे जाणारी शक्ती पट्ट्याने न जाता सरळ शाफ्टने जाते. आजच्या बहुतेक घरगुती गवतकापणी ट्रॅक्टरांमध्ये हे काम पट्टा करतो. ओल्या चढावर भरलेली गाडी ओढताना हा फरक पहिल्याच दिवशी जाणवला.

पहिले दोन महिने मात्र सुरू करण्याच्या त्रासातच गेले. या ट्रॅक्टरवर सेल्फ आणि डायनॅमो वेगवेगळे नाहीत. पट्ट्याने इंजिनला जोडलेले एकच यंत्र आधी इंजिन फिरवते आणि मग बॅटरी चार्ज करते. किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेई आणि कॉम्प्रेशन (पिस्टन आतील हवा दाबतो तो टप्पा) आले की अडून बसे. मी नवी बॅटरी आणली, केबल बदलल्या, पट्टा ताणला, सेल्फ उघडून ब्रश आणि कॉम्युटेटर साफ केले. प्रत्येक वेळी किंचित सुधारणा व्हायची आणि दोन दिवसांत पुन्हा तेच. शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे छोटे दांडे, तपासले तेव्हा उलगडा झाला. या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, एक छोटी यंत्रणा असते. इंजिन हळू फिरत असताना ती एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, त्यामुळे सिलिंडरमधील दाब कमी होऊन सेल्फचे काम हलके होते, आणि वेग आला की ती आपोआप बाजूला सरते. एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये फट जास्त असेल, तर ही उचल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. इंजिन थंड असताना ही फट १७ ते १९ थाऊ, म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग, असायला हवी; माझ्या इंजिनात पूर्वी कोणीतरी ती ३० थाऊ ठेवली होती. कार्बोरेटर आणि त्यामागचे ब्रीदरचे झाकण काढून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, एक्झॉस्ट १८ वर आणि इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) ९ वर बसवला. त्या दुपारपासून आजतागायत इंजिन पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत सुरू होते. बॅटरी आणि केबलवर झालेला खर्च टळला असता. हातात आधी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्यायला हवा होता.

इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी व्यवस्था, जुन्या पद्धतीचे आहे: सीबी पॉइंट (उघडझाप करणारा विजेचा संपर्क), कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा भाग) आणि कॉइल. लहानपणी वडील दर रविवारी स्कूटरचा पॉइंट पॉलिश पेपरने घासत असत, ते पाहिलेले असल्यामुळे या भागाची भीती वाटली नाही. पॉइंटची फट २० थाऊ ठेवायची; पण एवढ्यावर थांबू नये. फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकावर) ‘एस’ ही खूण असते आणि ती तपासणीच्या छिद्रासमोर येताच पॉइंट उघडला पाहिजे. साधा टेस्ट लॅम्प जोडून आणि फ्लायव्हील हाताने फिरवून हे तपासता येते. माझ्याकडे फट बरोबर असूनही ठिणगी थोडी उशिरा पडत होती. फट किंचित वाढवून ती खुणेवर आणल्यावर चढावर ओढ स्पष्टपणे सुधारली. प्लगची फट ३५ थाऊ ठेवली आहे. कंडेन्सरबाबत एक सूचना: ऑनलाइन मागवलेला नवा कंडेन्सर वीस मिनिटांत तापून इंजिन मिसिंग करू लागला आणि काढून ठेवलेला जुनाच परत बसवावा लागला. चालता भाग केवळ जुना आहे म्हणून फेकून देऊ नये.

हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनाचे आयुष्य त्याच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंखांच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे. वरचा पत्रा काढला तेव्हा आत उंदराचे घरटे, अक्रोडाची टरफले आणि वाळके गवत यांचा चांगला चार बोटे थर निघाला. बाहेरून ट्रॅक्टर नीटनेटका दिसत होता. अशा अवस्थेत उन्हाळ्यात गवत कापले असते, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जाण्याची पूर्ण शक्यता होती. आता हंगामात दोनदा पत्रा उतरवतो. ऑइलबाबत तर अजिबात ढिलाई चालत नाही, कारण आत ऑइल पंप नाही. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला असलेली पळी ऑइल उडवते आणि त्यावरच सगळे भागते. शिवाय ॲल्युमिनियमचा हा रॉड मध्ये बेअरिंग न घालता थेट क्रँकवर फिरतो. पातळी खाली गेलेली असताना उतारावर तिरके चालवले, तर रॉड जॅम होतो आणि मोठे काम निघते. म्हणून मी प्रत्येक वेळी पेट्रोल भरण्याआधी डिपस्टिक पाहतो आणि दर २५ तासांनी एसएई ३० ऑइल बदलतो.

मागच्या गिअरपेटीतील ऑइल दुधाळ निघाले, म्हणजे त्यात पाणी शिरले होते. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून ते गरम असतानाच सोडले आणि कंपनीने सांगितलेले हाय-ट्रान ऑइल सुमारे साडेसहा लिटर भरले. क्लचची प्लेट शाफ्टवर मधोमध, कोरडी असते. तिचे बेअरिंग आणि लिव्हर यांच्यात ५० थाऊ अंतर ठेवले की क्लच घसरतही नाही आणि बेअरिंगही घासत नाही. शाफ्टच्या जोडातील पोलादी पिना झिजून खडखडत होत्या. त्या ठोकून काढायला पूर्ण शनिवार गेला, पण नव्या पिना घातल्यावर आवाज थांबला.

इथल्या पंपावरील पेट्रोलमध्ये साधारणपणे दहा टक्के इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, म्हणून पूर्ण नळी नवी घातली, फिल्टर आणि कॉक बसवला, आणि आठवडाभरापेक्षा जास्त उभा राहणार असेल तेव्हा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो.

कामाबाबत मी पूर्ण समाधानी आहे. ४२ इंची डेकने (ट्रॅक्टरखालच्या गवत कापणाऱ्या भागाने) सव्वा एकर गवत दीड तासात कापून होते, काप एकसारखा येतो आणि तासाला अंदाजे तीन लिटर पेट्रोल लागते. आवाज मोठा आहे. कानाला संरक्षण न लावता चालवू नये. याहून गंभीर गोष्ट म्हणजे या काळातील ट्रॅक्टरच्या आसनाखाली सुरक्षेचा स्विच नाही, त्यामुळे चालक खाली उतरला तरी पाते फिरतच राहते. आमच्या घरी सात वर्षांची मुलगी आहे. इंजिन सुरू असताना तिने अंगणात यायचे नाही आणि मी पाते बंद केल्याशिवाय आसन सोडायचे नाही, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून कटाक्षाने पाळला आहे. एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून असा स्विच बसवून घेता येतो. मी तो या हिवाळ्यात बसवणार आहे. आठवड्यातून एकदा गवत कापून यंत्र विसरून जायचे असेल, त्यांनी हा ट्रॅक्टर घेऊ नये. ज्यांना महिन्यातून दोन संध्याकाळी पाना हातात घ्यायला आवडते आणि मोजमाप करण्याचा धीर आहे, त्यांना याच्या किमतीत इतके मजबूत यंत्र मिळणे कठीण आहे.

पुढच्या आक्सलची बुशे अजून ढिली आहेत आणि स्टिअरिंग बोटभर रिकामे फिरते. ते काम राहिले आहे. त्याआधी जानेवारीत हेड (सिलिंडरवरचे झाकण) उघडून आत साठलेला कार्बन काढायचा आहे. नवे हेड पॅकिंग आणून ठेवले आहे, आणि बोल्ट २५ ते ३० फूट-पौंडांवर टप्प्याटप्प्याने आवळण्यासाठी शेजाऱ्यांनी त्यांचा टॉर्क पाना देऊ केला आहे.