बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज : अंगणाभोवती वसलेली घरे

नवी मुंबईत घर शोधताना बेलापूरच्या सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेज दोन वेळा निवांत पाहिले. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेसाठी १९८० च्या दशकात आखलेल्या या वसाहतीत साधारण सात घरांच्या एका गटाला मिळून सुमारे ८ मीटर बाय ८ मीटरचे अंगण आहे, अशा तीन गटांमध्ये १२ मीटरचा चौक आणि त्यापुढे २० मीटरचे मोकळे मैदान येते. भिंती सामायिक नसल्यामुळे प्रत्येकाला शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता येते, आणि हाच या आराखड्याचा खरा मोठेपणा आहे.

पहिल्या अंगणात शिरलो तेव्हा दोरीवर कपडे वाळत होते आणि दोन आजी ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. मला हे फार भावले.

उणीव मात्र गंभीर आहे. अनेक मूळ उतरत्या छपरांच्या जागी दोन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या असून काही चौकांत मोटारी लावलेल्या दिसतात. आजच्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मनोरंजनासाठीची मोकळी जागा सक्तीची आहे, परंतु घरे तिच्याभोवती कशी वसवावीत याचा विचार बहुतेक प्रकल्पांत दिसत नाही आणि ती जागा कोपऱ्यात ढकलली जाते. पाचपैकी चार तारे. घर घ्यायचे ठरल्यास आम्ही आतल्या अंगणाचेच घेऊ.