‘जुन्या घराण्याचा वाइन-साठा’ कुणी विकायला आणला तर

वाइनच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला, तर ते बिल बनावट आहे हे धरूनच चालावं. पिण्याची दारू जीएसटीत येतच नाही. तिच्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट लागतो, आणि वाइनही त्यातच मोडते. माझी बायको करसल्लागार आहे. तिने ते बिल हातात घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत हे सांगितलं. तोवर पाच लाखांच्या वर रक्कम गेली होती आणि दोन लाकडी पेट्या आमच्या जिन्याखालच्या खोलीत येऊन पडल्या होत्या.

विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, शिवाय त्याने सांगितलेलं नाव त्याचंच होतं याला पुरावा नाही. पण त्याची पद्धत मात्र सगळी लिहितो. पुण्यामुंबईत हल्ली हौसेने रेड वाइन साठवणारे बरेच आहेत, आणि हा माणूस नेमका त्यांच्यासाठीच तयार झालेला आहे.

आमच्याकडे संग्रह सुरू झाला तो इथल्याच वाइनपासून. अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ ही सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों या द्राक्षांची वाइन चार-सहा वर्षं ठेवली की कशी बदलते ते बघायचं होतं. नाशिकच्या एक-दोन वायनरींच्या रिझर्व्ह बाटल्या होत्या. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कपाटात रेड वाइन ठेवणं म्हणजे ती मंद आचेवर शिजवणं, म्हणून जिन्याखालची खोली आतून उष्णता अडवणाऱ्या पफ पॅनेलने मढवली, लहानसं कूलिंग युनिट बसवलं आणि तापमान चौदा अंशांच्या आसपास राहील असं केलं. बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. अंधार. इन्व्हर्टरवर वेगळी लाइन. एवढं जमल्यावर माणसाला फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाइनची आठवण होणारच.

हा गृहस्थ एका टेस्टिंगच्या कार्यक्रमात भेटला. पस्तिशीचा, बोलायला गोड, माहिती पक्की. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ च्या वर्गवारीत मुतों रोथशिल्ड ही वाइन दुसऱ्या श्रेणीत होती आणि १९७३ मध्ये ती पहिल्या श्रेणीत आली, हे त्याने न विचारता सांगितलं, आणि ते खरंच आहे. मराठीत बोलायचा. “दादा, ही लाइन सगळी साउथ बॉम्बेवाल्यांच्या हातात आहे, आपल्या माणसाला कुणी विचारत नाही,” हे त्याचं पालुपद. पहिल्यांदा त्याने मला दोन बाटल्या घेऊन दिल्या त्या परवानाधारक दुकानातून, दुकानाच्या बिलासकट, दुकानाच्याच भावाने. त्यात त्याला एक रुपयाही सुटला नसावा. त्या दोन्ही अस्सल होत्या, आणि या सबंध प्रकारातला हाच भाग मला सर्वांत हुशारीचा वाटतो.

मग त्याने एका मित्राच्या बंगल्यावर जेवण ठेवलं. सात-आठ जण, सगळे संग्रह करणारे. मुतोंची २००९ ची बाटली उघडली गेली. तिच्या लेबलवर अनिश कपूर यांचं चित्र आहे. १९४५ पासून हे शातो (म्हणजे स्वतःच्या मळ्यातली वाइन बनवणारं घर) जवळपास दरवर्षी एखाद्या नामवंत कलावंताचं चित्र लेबलवर घेतं, आणि कपूर जन्माने मुंबईचे, त्यामुळे आपल्याकडच्या संग्राहकांचा या बाटलीवर विशेष जीव. वाइन उत्तम होती. लेबलचा खालचा उजवा कोपरा किंचित फाटलेला होता. मी फोटो काढला, सगळ्यांनीच काढले. जेवण झाल्यावर रिकाम्या बाटल्या आणि बुचं त्याने स्वतः गोळा केली, पुसून, कागदात गुंडाळून. एकाने गमतीने एक बाटली मागितली तर म्हणाला, “नको हो, माझा हा छंद आहे.”

पुढच्या महिन्यात जुन्या घराण्याची गोष्ट आली. मलबार हिलवरचे कुणी वृद्ध गृहस्थ, जहाज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, आता मुलं कॅनडात, घर विकायचंय, तळघरात साठा आहे. मुलांना वाइनमध्ये रस नाही. सगळा साठा एकदम घेणारा एक व्यापारी तयार आहे, पण आजोबांना तो ‘जाणकार माणसांकडे’ जावा असं वाटतं. अशा कथेत प्रत्येक तपशिलाचं काम ठरलेलं असतं. आजोबा वृद्ध, म्हणून भेट होत नाही. मुलं परदेशात, म्हणून फोन होत नाही. व्यापारी तयार, म्हणून वेळ नाही.

भाव बाटलीमागे सरासरी पंचेचाळीस हजार. इथे जरा थांबून हिशेब मांडतो, कारण तो मांडायला कुणीही तज्ज्ञ लागत नाही. मुतों २००९ युरोपात कर न भरता, गोदामातल्या भावाने घेतली तरी पन्नास-साठ हजारांच्या घरात जाते. मी खरेदी केली तेव्हा भारतात युरोपातून आलेल्या वाइनवर सीमाशुल्क १५० टक्के होतं. २०२१ च्या अर्थसंकल्पापासून त्यात ५० टक्के मूळ शुल्क आणि १०० टक्के कृषी उपकर अशी विभागणी होती, बेरीज तीच. म्हणजे पन्नास हजारांवर पंचाहत्तर हजार आणखी, त्यावर राज्याचे कर, आयातदाराचा आणि दुकानाचा नफा. शुल्क भरलेली बाटली पंचेचाळीस हजारांत देणारा माणूस एकतर दानशूर आहे किंवा शुल्काबद्दल खोटं बोलतोय. (ऑस्ट्रेलियाच्या महाग वाइनवर २०२२ च्या अखेरीपासूनच्या करारामुळे शुल्क कमी आहे, पण मुतों काही ऑस्ट्रेलियाची नाही.) त्याचं उत्तर तयार होतं: आजोबांनी माल फार पूर्वी स्वस्तात घेतला, त्यांना नफा नकोय.

कागदपत्रंही होती. आयातीच्या बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे भरलेल्या आयात-नोंदीची झेरॉक्स, आणि एफएल-२ (दारूच्या किरकोळ दुकानाच्या) परवान्याचा क्रमांक छापलेलं ते जीएसटीचं प्रसिद्ध बिल. बाटल्यांवर मागच्या बाजूला आयातदाराचं लेबल नव्हतं. भारतात रीतसर आलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असावाच लागतो. त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, आजोबा विमानाने येता-जाता स्वतः आणायचे. आता प्रवाशाला शुल्काशिवाय आणता येते ती दोन लिटर. ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी बसत नाही. एकाच वाइनची अख्खी पेटी आणायला किती खेपा लागतील? आणि सामानातून आणलेल्या मालाला व्यापारी आयातीची बिल ऑफ एन्ट्री कुठून आली? कागद एक सांगत होता, कथा दुसरंच.

नाशिकजवळच्या एका वायनरीत काम करणारा मित्र दिवाळीत घरी आला तेव्हा एक बाटली उघडली. त्याने वाइन चाखायच्या आधी बूच हातात घेऊन उजेडाकडे धरलं. बोर्दोच्या मोठ्या शातोंच्या बुचावर नाव आणि साल छापलेलं असतं. हे कोरं होतं. शिवाय पंधरा-एक वर्षं वाइनला टेकलेल्या बुचाचं टोक गडद जांभळं पडतं, याचं जेमतेम गुलाबी झालं होतं. वाइन वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. तरुण, गोडसर, फळांचा भरपूर वास असलेली, दीड-दोन हजारांची कुठलीशी बाटली असेल. “ही मागच्या वर्षीची द्राक्षं आहेत रे,” एवढंच तो बोलला. मग आम्ही दुसऱ्या पेटीतली मुतों काढली. लेबलचा खालचा उजवा कोपरा किंचित फाटलेला. फोनमधला फोटो काढून शेजारी धरला. फाटलेल्या कडेचा आकार, त्यावरचा तेलाचा डाग, सगळं जुळलं. त्या जेवणाला आम्हीच रिकामी केलेली बाटली भरून मला विकली गेली होती.

त्याच रात्री कागद पुन्हा काढले आणि बायकोने जीएसटी दाखवला. बिल ऑफ एन्ट्रीचा क्रमांक, तारीख आणि बंदर सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट संकेतस्थळावर कुणालाही टाकून बघता येतं. टाकलं, नोंद नव्हती. एफएल-२ परवान्याची चौकशी जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क कार्यालयात केली. तो क्रमांक एका भलत्याच गावातल्या दुकानाचा निघाला, आणि त्या दुकानदाराला बोर्दो म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

बनावट वाइनच्या धंद्याचा आदर्श म्हणावा असा माणूस म्हणजे रूडी कुर्नियावान. मूळचा इंडोनेशियाचा, लॉस एंजेलिसमध्ये राहणारा, वाइनच्या लिलावांचा लाडका. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याच्याकडच्या, फ्रान्सच्या बर्गंडीतल्या दोमेन पोंसो या वाइन-घराच्या ‘क्लो सँ-दनी’ वाइनच्या बाटल्या निघाल्या, त्यात १९४५ सालच्याही होत्या. दोमेनचे मालक लोराँ पोंसो स्वतः विमानाने न्यूयॉर्कला गेले आणि विक्री थांबवली, कारण त्यांच्याकडे ती वाइन बनायला सुरुवातच १९८० च्या दशकात झाली होती. बाटल्या कुठून आणल्या असं त्यांनी नंतर विचारलं तेव्हा कुर्नियावानने जकार्तातल्या एका विक्रेत्याचे दोन फोन नंबर दिले. एक विमान कंपनीचा निघाला, दुसरा बाजार-संकुलाचा. २०१२ मध्ये त्याच्या घरावर छापा पडला तेव्हा लेबलांचे गठ्ठे, रबरी शिक्के आणि बुचं सापडली. न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटमध्ये महागड्या बाटल्या उघडून रिकाम्या बाटल्या तो घरी मागवून घ्यायचा. २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. ‘माझा हा छंद आहे’ हे वाक्य मी आधी ऐकलं आणि कुर्नियावानची ही रिकाम्या बाटल्यांची गोष्ट नंतर वाचली. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं.

आणि हे फक्त लाखाच्या बाटल्यांचं आहे असं समजू नका. २०२० मध्ये इटलीच्या पोलिसांनी ‘सास्सिकाया’ या टस्कनीच्या नामवंत वाइनच्या नकलांचा धंदा उघडकीस आणला: वाइन सिसिलीची, बाटल्या तुर्कस्तानच्या, किंमत खऱ्याच्या कितीतरी खाली.

आता तक्रारीबद्दल, कारण याच टप्प्यावर बहुतेक जण गप्प बसतात आणि विकणाऱ्याला हे माहीत असतं. मी फोन केला तेव्हा तो चिडला नाही, घाबरला नाही. शांतपणे म्हणाला, “दादा, पोलिसांकडे गेलात तर माल कुणाच्या घरात सापडेल?” महाराष्ट्रात दारू बाळगायला परवाना लागतो, साठ्याला मर्यादा आहे, आणि परवान्याशिवाय कुणालाही दारू विकता येत नाही. शुल्क न भरलेला माल घरात असण्याची भीती ही त्याच्या धंद्याची खरी पुंजी आहे. बाटलीपेक्षा ती जास्त काळजीपूर्वक भरलेली असते. म्हणूनच तो बाटलीबरोबर थोडासा बेकायदेपणा देतो: अर्धी रक्कम रोख, अर्धी तिसऱ्याच नावाच्या खात्यावर, ‘आजोबांचं नाव कुठे नको’.

माझा परवाना चालू होता, पैसे पाठवल्याच्या नोंदी होत्या, दोन्ही प्रसंगांचे फोटो होते. वकिलाने हे सगळं जोडून आधी उत्पादन शुल्क कार्यालयात लेखी कळवायला सांगितलं, मग पोलिसांत. कलम पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. ऑनलाइन गेलेल्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत-क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, उद्यावर टाकू नये. शेवटचा हप्ता नुकताच गेला होता, त्यातली काही रक्कम बँकेत गोठवता आली. रोखीतली गेली ती गेली. दोन्ही पेट्या पंचनामा करून नेल्या. तपास अधिकाऱ्याला सुरुवातीला हसू आवरत नव्हतं, पंचेचाळीस हजारांची एक बाटली ऐकून. कोपऱ्याचे दोन फोटो शेजारी ठेवल्यावर मात्र त्याने खुर्ची पुढे ओढली.

परदेशी वाइन अजूनही घेतो, पण आयातदाराचं लेबल असलेली, दुकानातून, आणि आयातदाराला फोन करून ही खेप तुमचीच का हे विचारून. बहुतेक आयातदार आनंदाने सांगतात. जुन्या खाजगी संग्रहाच्या वाटेला जात नाही. कुणी, कुठल्या गोदामात, किती तापमानात ठेवलं याचा लेखी इतिहास भारतात जवळपास कधीच मिळत नाही, आणि तो नसेल तर बाटली अस्सल असली तरी शिजलेली असू शकते. रिकाम्या महाग बाटलीच्या लेबलवर आता मार्करने आडवी रेघ मारतो आणि बूच उभं चिरतो, मगच ती भंगारवाल्याला जाते. घरी जेवायला आलेल्यांना हे जरा विचित्र वाटतं. वाटू दे.

तक्रारीनंतर तपास अधिकाऱ्यांमार्फत कोल्हापूरच्या एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांनाही तसलाच संग्रह विकला गेलाय. त्यांच्या गोष्टीत आजोबा मडगावचे आहेत, पोर्तुगीज काळातलं घर, मुलं लिस्बनला. तळघरही आहे. पुढच्या वेळी हे घराणं कदाचित इंदूरचं किंवा नागपूरचं असेल, आणि जेवण तुमच्याच ओळखीच्या कुणाच्या तरी बंगल्यावर असेल.