क्लिनिक, कॉलेज की संशोधन: सांगली-कराडच्या फिजिओथेरपिस्टने कुठे वळावं?

इंटर्नशिप संपत आली की घरून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग क्लिनिक कधी टाकायचं?" आपल्या पट्ट्यात तो प्रश्न रास्तच आहे. मिरजेत 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं, त्याच्याभोवती सगळं गावच दवाखान्यांचं झालं आणि कर्नाटकातूनही पेशंट येतात. गुडघे, मणका, लकवा यांना तोटा नाही. तरीही ज्यांना शिकवणं किंवा संशोधन खुणावतंय, त्यांनी पगाराचे आकडे मांडण्याआधी कामाचा दिवस कसा जातो ते मांडून बघावं.

समजा, ट्रॅक्टर उलटून कमरेखाली संवेदना गेलेला तासगावकडचा एक तरुण आहे. व्हीलचेअरवर बसतो आणि बैठकीच्या हाडावर डाग दिसायला लागलाय, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या दाबजखमेची सुरुवात.

क्लिनिकवाला होम व्हिजिटला जातो. हवेची उशी असेल तर पेशंटला तिच्यावर बसवून हाडाखाली हात घालतो. हाड आणि तळ यांच्यामध्ये अर्धा ते एक इंच हवा राहिली पाहिजे. हाड तळाला टेकत असेल तर हवा कमी, उशी टम्म फुगली असेल तर जास्त. तो हवा जुळवतो, थोड्या थोड्या वेळाने पुढे झुकायला शिकवतो, रात्री कूस कशी बदलायची ते आईला दाखवतो. डाग फिका पडला की काम फत्ते, आणि फी हातात. हे समाधान फार मोठं आहे, त्याला कमी लेखू नका. पण संध्याकाळी क्लिनिकमध्ये दहा जण "मशीन लावा" म्हणत बसलेले असतात, तेव्हा उशीचा विचार मागे पडतो. (जागा घेताना 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं तेही विचारा, मणका ताणायचं ट्रॅक्शनचं टेबल माळ्यावर चढवता येत नाही.)

कॉलेजमधला हाच पेशंट केस प्रेझेंटेशनमध्ये भेटतो. मुलांना दाबजखमेचा धोका गुणांत मोजणारी ब्रेडन स्केल शिकवायची, गुण काढून घ्यायचे, व्हायव्हात तेच विचारायचं. पगार नियमित, गावातल्या गावात राहता येतं, कराडच्या कृष्णा विश्व विद्यापीठासारख्या अभिमत विद्यापीठात फिजिओथेरपी आणि हॉस्पिटल एकाच आवारात असतात. मात्र लेक्चर, पोस्टिंग, इंटर्नल्स आणि तपासणीच्या फायली यांत आठवडा जातो. प्रमोशनसाठी पेपर लागतात, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स मेलबॉक्समध्ये रोज येतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2025 मध्ये मान्य जर्नल्सची केअर यादीही बंद केली, त्यामुळे चांगलं-वाईट निवडण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आणि कॉलेजवर. शिकवायची मनापासून आवड नसेल तर ही वाट लवकर कंटाळवाणी होते, असं माझं मत.

संशोधक त्याच डागाकडे बघून वेगळंच विचारतो: दोघांना एकच उशी दिली, मग एकाचीच त्वचा का फाटली?

इथे विषय खरा खुलतो. 1959 मध्ये कोसियाक या संशोधकांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाब आणि वेळ यांचं नातं मांडलं: जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब जास्त वेळ, दोन्ही घातक. पुढे कळलं की प्रश्न फक्त रक्तपुरवठा तुटण्याचा नाही. हाडाजवळचं मांस जास्त ताणलं-चेंगरलं तर पेशींना काही मिनिटांतही इजा सुरू होते. ब्रिटनमध्ये 2,029 पेशंटवर फोमची चांगली गादी आणि हवा आलटून-पालटून भरणारी गादी यांची तुलना झाली, 2019 मध्ये निकाल छापून आला. उपचारांनंतर 30 दिवसांपर्यंत पाहिलं तर दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. आपल्याकडे मेडिकलवाला सर्रास एअर बेड काढून देतो, त्याच्या पार्श्वभूमीवर हे वाचण्यासारखं आहे. पण लगेच फोम घ्या म्हणून सांगू नका. तिथला फोम म्हणजे आपली कापसाची गादी नव्हे, आणि एप्रिलच्या उन्हात रेक्झिनवर घामेजलेली त्वचा किती नरम पडते हे त्या वॉर्डांत कुणी मोजलेलं नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. दाबजखमेची पहिली पायरी म्हणजे बोटाने दाबून न जाणारी लाली, असं पुस्तकात असतं. सावळ्या त्वचेवर ती लाली चटकन दिसतच नाही. मग आजूबाजूच्या भागापेक्षा ती जागा गरम, घट्ट किंवा दुखरी लागते का ते हाताने बघावं लागतं. संवेदना नसेल तर दुखणंही कळत नाही. याचा अभ्यास करायला आपल्या वॉर्डांइतकी योग्य जागा नाही. आणि परंपराही आहे: बधिर पायाला जखम होते ती दाबाने, हे सर्जन पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करताना दाखवलं. मऊ तळाच्या एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) चपला त्याच विचारातल्या.

अडचणही ऐका. एमपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर पदवीला, 'त्वचा' ही शाखा नाही. न्यूरो किंवा कम्युनिटीतून शिरावं लागतं. एमपीटीएच 2 वर्षं, पीएचडी यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार किमान 3, कमाल 6. तोवर बॅचमधल्या मित्राचं क्लिनिक जम बसवून गाडीही घेतं. दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या चटया महाग असतात. साहाय्यक साधनांचं काम तर इंजिनिअरशिवाय हलतच नाही. आयआयटी मद्रासच्या आर2डी2 या पुनर्वसन-साधनांच्या संशोधन केंद्रातून 2019 मध्ये उभी राहू देणारी 'अराइज' व्हीलचेअर आली, ती अशाच जोडकामातून. आपल्याकडे सांगलीत विश्रामबागला वालचंद, साखराळ्याला राजारामबापू इन्स्टिट्यूट अशी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. मेकॅनिकलचा एखादा प्राध्यापक गाठून उशीच्या कव्हरपासून सुरुवात करता येते. त्याला खर्च मोठा नाही, फक्त एथिक्स कमिटीची मंजुरी आणि ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी हवी.

माझा कौल सांगायचा तर, डोक्यावर कर्ज असेल तर थेट संशोधनात उडी घेऊ नका. दोन-तीन वर्षं पेशंट बघा, व्हिजिटला जा, वहीत जखमा कुठे आणि कशा झाल्या ते लिहीत राहा. एमपीटीएचचा विषय त्या वहीतूनच निघेल, आणि निघाला नाही तर क्लिनिक आहेच. कॉलेज हा मधला सोपा रस्ता मानून मात्र जाऊ नका. तिथे जायचं तर शिकवण्यासाठी जा. अभ्यासक्रमाला कुणाकडे प्रवेश घ्यायचा हे विद्यापीठाच्या नावापेक्षा गाईडवरून ठरवा. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटून तीन गोष्टी विचारा: पेशंट कुठून मिळाले, यंत्र कुणाचं होतं आणि पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं. तिसऱ्या प्रश्नावर विद्यार्थी नुसता हसला, तर दुसरा गाईड शोधा.