डीएनए वंशावळ किट: सात-आठ महिन्यांनंतर

थुंकीतल्या डीएनएवरून आपले पूर्वज कुठल्या भागातले किती टक्के ते हे किट सांगतं; त्या टक्केवारीसाठी घेणार असाल तर घेऊ नका. पहिल्या रिपोर्टच्या रंगीत नकाशात मी ‘दक्षिण भारत’ आणि ‘गुजरात’ यांत वाटली गेले होते. महाराष्ट्र नावाचा गटच नव्हता. काही महिन्यांनी कंपनीने हिशोब सुधारला आणि ॲपमधले आकडे बदलले. थुंकी तीच, टक्के नवे! आपल्या डीएनएची तुलना त्यांच्याकडच्या नमुन्यांशी होते, त्यामुळे नमुने वाढले की उत्तरही बदलतं. शिवाय डीएनएच्या ३०० कोटी अक्षरांपैकी अशी किट वाचतात साधारण ६-७ लाख जागा.

वाय गुणसूत्र बायकांत नसतं आणि वडिलांकडची थेट रेघ त्यावरूनच कळते, म्हणून धाकट्या भावालाही चाचणी करायला लावली. त्याचे टक्के माझ्याहून वेगळे आले. ‘मिरजेच्या दवाखान्यात अदलाबदल झाली की काय’ इथपर्यंत घरात चेष्टा! पण यात नवल काही नाही. आईकडून निम्मं, वडिलांकडून निम्मं प्रत्येकाला मिळतं. कोणतं निम्मं, ते मात्र दर मुलागणिक पत्ते पिसल्यासारखं नव्याने ठरतं. दहा पिढ्या मागे गेलं तर कागदावर १०२४ पूर्वज होतात, आणि त्यातल्या कित्येकांच्या डीएनएचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो.

किट आवडलं ते वेगळ्या कारणाने. आमच्या गावी हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारा, येतो. वही उघडली की खापरपणजोबांच्याही मागची नावं घडाघडा वाचतो, सगळी पुरुषांची. भावाचा वाय गट (वाय गुणसूत्रावरून कळणारी वंशाची शाखा) निघाला एच, आपल्या उपखंडात भरपूर आढळणारा. वहीतल्या त्या सगळ्यांचाही तोच असणार (मध्येच कुणी दत्तक आला नसेल तर!). माझा आईकडचा गट निघाला एम. तो मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) डीएनएवरून कळतो. अवघी १६,५६९ अक्षरं, आणि ती फक्त आईकडून येतात. भारतात निम्म्याहून अधिक लोक याच गटातले. आफ्रिकेतल्या एल३ शाखेला ५०-६० हजार वर्षांपूर्वी फुटलेला हा फाटा. आईच्या आईचं माहेर जतकडचं. तिच्या आईचं नाव आज घरात कुणाला सांगता येत नाही, वहीत तर ते कधी नव्हतंच. तिचा हा गट मात्र माझ्यात जसाच्या तसा आहे.

आरोग्याचा भाग मी गंभीरपणे घेतला नाही. मधुमेहाचा धोका सांगणारे असे बरेचसे आडाखे युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले असतात. काही खरंच शंका असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि घरातली एखादी झाकलेली गोष्ट रिपोर्टमधून बाहेर येऊ शकते, तेव्हा भावंडांशी आधीच बोलून ठेवा.

मावशीच्या मुलीने विचारलं, मीही करू का? आईकडच्या गटासाठी गरज नाही, तिचा माझ्यासारखाच येणार. वडिलांच्या आईची बाजू हवी असेल तर किट आत्यासाठी मागवावं. आमच्या आत्या तयार आहेत, पण थुंकी देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं, चहासुद्धा नाही. तिथंच अडलंय.