सेन्सर लावले दोन, अहवालात चार

आमच्या ट्रान्सफॉर्मरचा खोटा अहवाल देणाऱ्या तपासणी एजन्सीची गाडी काल शेजारच्या कारखान्यात उभी दिसली, म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्या १० एमव्हीए, ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मरच्या तेलात हायड्रोजन आणि थोडं ॲसिटिलीन वाढलं होतं. पार्शल डिस्चार्जची, म्हणजे आतल्या इन्सुलेशनमध्ये बारीक ठिणग्या पडत असल्याची शंका आली. एजन्सीची दोन मुलं आली, हात पोचेल तिथे, रेडिएटरच्याच बाजूला त्या ठिणग्यांचा आवाज टिपणारे दोन सेन्सर चिकटवून तासाभरात गेली. बाकीचे सेन्सर पेटीतच होते. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो.

अहवालात मात्र चार सेन्सरचे आलेख! आर फेजच्या वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) १,८०० पिकोकुलंबचा डिस्चार्ज, त्याची जागा मिलिमीटरमध्ये, आणि सोबत ओव्हरहॉलचं कोटेशन. मी सही केली. शटडाऊन घेतला, तेल काढलं, आतला कोअर-कॉइलचा गाभा उचलून बाहेर काढला. वाइंडिंगच्या कागदावर एक काळा डाग नव्हता.

तो अहवाल खोटा आहे हे वाचतानाच कळायला हवं होतं. टाकीवर लावलेल्या ध्वनी-सेन्सरवरून पिकोकुलंब निघतच नाहीत. ते विद्युत मोजणीचं एकक आहे, आयईसी ६०२७० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आधी कॅलिब्रेशन करून मोजायचं. आणि नुसत्या आवाजावरून जागा शोधायची तर किमान चार सेन्सर लागतात, कारण जागेच्या तीन मापांबरोबर (लांबी, रुंदी, उंची) डिस्चार्जची वेळही अज्ञात असते. तेही एकाच भिंतीवर दाटीने लावून भागत नाही. तेलात आवाज सेकंदाला साधारण १,४०० मीटर जातो, पोलादात दुपटीहून जास्त वेगाने. त्यामुळे लांबच्या सेन्सरला भिंतीतून आलेली लाट आधी लागते आणि हिशेब चुकतो. आत चुंबकीय शिल्डिंगच्या पट्ट्या असतील तर आवाज तिथेच दबतो.

नंतर एका निवृत्त टेस्टिंग इंजिनिअरांना बोलावलं. त्यांनी सगळ्यात आधी टाकीचं ड्रॉइंग मागितलं. चारही बाजूंना, वेगवेगळ्या उंचीवर, ग्रीस लावून सेन्सर बसवले. प्रत्येकाजवळ पेन्सिलीचं शिसं मोडून पकड तपासली. मग पंखे बंद करायला सांगितले, आणि सेन्सरवर येणारा सिग्नल गेला. एका पंख्याची जाळी सैल होती, आवाज तिचाच होता. तेलातला गॅस येत होता टॅप चेंजरमधून (व्होल्टेज कमी-जास्त करणारा भाग): तिथलं तेल सीलमधून मुख्य टाकीत झिरपत होतं, आणि टॅप बदलताना तिथे ठिणगी पडतेच.

एजन्सीचं उरलेलं बिल आम्ही अडवलंय. ओव्हरहॉलचे पैसे गेले ते गेलेच. शेजारच्या इंजिनिअरसाहेबांना आज सकाळी फोन केला, सेन्सर लावताना प्रत्येकाचा फोटो काढा म्हटलं.